कुंकू लावलेली डबी

गेल्या वर्षीची भाऊबीज. उल्हासनगर, ताईचं घर. तबकात दादाने टाकलेले पाचशे एक रुपये. हजर: ताई, भाऊजी, दादा, दादाची पाच वर्षांची नात आणि मी.

दादा ओवाळणी टाकायला वाकला आणि खिशातलं सिगरेटचं पाकीट तबकात पडलं. पाकिटावर दोन्ही बाजूंना चित्र. कसंही पडलं तरी दिसणारच. कुंकवाशेजारी सडलेला गळा.

"दादा, निदान आज तरी!" ताई म्हणाली.

"आजी, या काकांनापण ओवाळ ना. त्यांना बरं नाहीये," पाकिटावरच्या चित्राकडे बोट दाखवत नात म्हणाली.

अंबरनाथला दादाच्या घरीही तिचं हेच चालायचं. दादा पाकीट पेपरखाली सारायचा, ती शोधून काढायची. "आजोबा, आ करा. तुमचा गळा बघू." त्यापायी दादाचं रोजचं पाकीट दोन दिवस पुरायला लागलं होतं. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

तरी तबकातलं ते चित्र ताईला सहन झालं नाही. भाऊजींचा स्टीलच्या डब्यांचा कारखाना खालीच. त्यांनी एक चपटी डबी आणली. "घ्या दादा, घरचा माल. दहा बरोबर बसतात. पोरीच्या नजरेला ती घाण नको." आम्हाला पटलं. नवी वस्तू म्हणून ताईने डबीला कुंकू लावलं.

मग दादा टपरीवरच सिगरेटी डबीत भरायचा आणि पाकीट तिथेच फेकायचा. नातीचे प्रश्न थांबले. पाकीट पुन्हा दिवसात संपू लागलं. मी विचारलं, तर म्हणाला, "ते चित्र बघून ओढवत नव्हतं रे. आता निवांत ओढतो."

पावसाळ्यात त्याला गिळताना दुखू लागलं. घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, हे तीस वर्षांच्या ओढण्याचं आहे. डबी एका वर्षाची. एवढा हिशेब मलाही कळतो. ताईला तो सांगून उपयोग होत नाही.

यंदा ताईच अंबरनाथला आली. दादाच्या नाकात नळी, म्हणून तिने फराळ आणलाच नव्हता. ओवाळताना नात त्याच्या गळ्याच्या पट्टीकडे बघत राहिली.

दादाने उशीखालून पाचशे एक काढून तबकात टाकले. नळीतून द्यायची पावडर संपत आली होती. ताईने पाचशेची नोट माझ्या हातात दिली. ती नोट कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे गेली. एक रुपया ताईने ठेवून घेतला.