मामांच्या गाडीचा नट: लोणंदहून सांगली आणि परत

सांगलीला लोक हळद घ्यायला जातात, गूळ घ्यायला जातात, गणपतीच्या दर्शनाला जातात. मी एक मोटारसायकल आणायला गेलो आणि एका नटापायी मुक्काम वाढवून बसलो. तुम्हीही कुणाची जुनी गाडी आणायला निघणार असाल, तर आधी हे वाचा आणि मग सुट्टी टाका.

सुरुवात मामीच्या फोननं झाली. "तुझ्या मामांची गाडी घिऊन जा बाबा. ती दारात हाय तवर मला सुखाचा घास लागायचा न्हाई."

मामा फौजेत ड्रायव्हर होते. मागच्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि डावा हात, डावा पाय लुळा पडला. वाचा, उजवी बाजू आणि हट्ट तेवढा शाबूत राहिला. मोटारसायकलचा क्लच डाव्या हाताखाली आणि गियर डाव्या पायाखाली, त्यामुळे चालवणं संपलंच. तरी मामी दळण आणायला गेल्याचं बघून ते एकदा गाडीवर चढले आणि गाडीसकट पडले. त्या दिवशी मामीनं गाडीला घराबाहेर काढायचं ठरवलं.

जाताना रेल्वेनं जा, हा माझा पहिला सल्ला. लोणंदला गाडीत बसलं की कंबर शाबूत ठेवून सांगलीला उतरता येतं आणि तिकीट एसटीपेक्षा स्वस्त पडतं. आधी उघडे डोंगर आणि बोगदे, कराड ओलांडलं की दोन्ही बाजूंना नुसता ऊस. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "कुठं निगाला?"

"सांगलीला, मोटारसायकल आणायला."

"आन् आणणार कशी? रेल्वेतनं?"

"चालवत."

"मग जातानाबी चालवतच जायचं की," म्हणाले आणि झोपले. मी त्यावर सांगलीपर्यंत विचार केला.

मामांचं घर कृष्णेच्या पलीकडे, पूल ओलांडून. गाडी अंगणात स्टँडवर उभी होती, जुनी टू-स्ट्रोक, रोज पुसल्यासारखी चकचकीत. मामी म्हणाली, पुसल्यासारखी न्हवं, रोज पुसत्यातच. मी संध्याकाळी पुलापर्यंत एक चक्कर मारली. चेन दात्यांवरून कडाकडा उड्या मारत होती. इंजिनातून जे छोटं दातेरी चाक बाहेर येतं आणि चेनला ओढतं, त्याचे दाते पार झिजले होते. लोणंद दूर, त्यामुळे ते बदलणं भाग होतं. बाजारात नवं लगेच मिळालं. जुनं काढायला फक्त एक नट खोलायचा होता.

हा 'फक्त' मी दुसऱ्या दिवशी सकाळी मागे घेतला.

नट मामांनीच आवळलेला. खालचा वॉशर वाकवून त्याला कुलूप घातलेलं, वर छिन्नीचे दोन घाव आणि हे सगळं पान्यावर उभं राहून. "ढिलं काय ठिवायचंच न्हाई," पडवीतल्या खाटेवरून मामा अभिमानानं म्हणाले. मी वॉशर सरळ केला, रात्रभर रॉकेल पाजून ठेवलं होतंच. पाना लावून जोर केला की नट, चेन आणि मागचं चाक असं सगळं कुटुंब एकत्र फिरायचं.

"टॉप गियर टाक, मागचा ब्रेक दाबून वर वजनदार माणूस बसीव," मामांनी सांगितलं. अगदी बरोबर. शेजारचे दिनकरतात्या वजनाच्या बाबतीत नाव ठेवण्यासारखे नाहीत. ते धोतर सावरून पुढे झाले.

"तू न्हवं," मामा म्हणाले.

"आवं, मग कोण?"

"माझी गाडी हाय. मी बसणार."

"तुमी बसायचं न्हाई!" स्वयंपाकघरातून मामी ओरडली.

आता हे दोघं चाळीस वर्षं संसार केलेले. मामा दुसऱ्या कुणाला बसू देईनात, मामी मामांना बसू देईना. मी गाडी चालवलेली मामांना चालत होती, पण नुसत्या उभ्या गाडीवर तात्यांनी बसणं हा त्यांना अपमान वाटत होता. तात्यांनी मग मधला मार्ग काढला. शेतात जाऊन हाताच्या मनगटाएवढा ऊस तोडून आणला आणि मागच्या चाकाच्या तारांमध्ये आडवा सारला. "आता चाक कसं फिरतंय बगू!"

मी पंपाचा लोखंडी पाइप पान्याला जोडून सगळा भार टाकला. कचकन् आवाज आला. मी आनंदानं वाकून बघितलं, तर नट जागच्या जागी आणि तारांतून रस गळत होता. तात्यांनी दुसरा ऊस आणला, तोही पिळून निघाला. तिसऱ्याला मामीनं खाली पातेलं ठेवलं.

एका गॅरेजवाल्याला फोन केला. तो म्हणाला, ग्राइंडर घेऊन येतो, नट कापून टाकू. हे ऐकून मामांनी भिंतीकडे तोंड केलं. मामी दारात उभी राहून बराच वेळ त्यांच्याकडे बघत होती. मग पदरानं हात पुसत मला म्हणाली, "बसीव त्यास्नी. दोगं दोन बाजूंनी धरा."

आम्ही पुढचं चाक भिंतीला टेकवलं. तात्यांनी मामांचा डावा पाय उचलून पलीकडे घेतला, मी पाठ धरली. मामा बसले. डावा हात मांडीवर, उजव्या हाताची मूठ हँडलला, उजवा पाय ब्रेकवर.

"हाण," म्हणाले.

मी पाइपवर लोंबकळलो. चाक हललं नाही. कट्ट असा आवाज झाला आणि नट सुटला. तात्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हातानं फिरवून नट काढून मामांना दाखवला.

"झालं, मामा. सोडा ब्रेक."

"सोडतो रं."

पाय तसाच. मला तेव्हा कळलं, की मी आनंदानं काय खोललं होतं. हा नट अडला होता तोवर गाडी त्यांची होती. मला भयंकर वाईट वाटलं, आणि तरी मी हातातला नट पुसत उभा राहिलो. मामीनं येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा त्यांनी पाय उचलला.

परतीचा रस्ता सांगायचा तर पेठ नाक्यावरून महामार्ग धरा. वाटेत अख्खा मसूर आणि तंदूर रोटी खा, दोनशेच्या आत पोट भरतं. कराड ते सातारा जागोजाग काम चालू आहे, वळणरस्त्यांच्या पाट्या बघून चालवा. साताऱ्यातून वाठारमार्गे लोणंद. नवं दातेरी चाक बसवल्यावर गाडी कुठेही कुरकुरली नाही. निघताना मामा फाटकाशी आले नाहीत, एवढंच.

आता गाडी माझ्या दारात आहे. प्रवास वसूल झाला का, असं बायकोनं विचारलं, तेव्हा मी फडकं घेऊन गाडी पुसायला लागलो. परवा मामीचा फोन आला. सुरुवातीला पाणीपावसाचं बोलणं झालं, मग मीच विचारलं.

"मामा काय म्हणतात?"

"गाडी हुती तितं खुर्ची टाकून बसत्यात दिसभर. भिताडाकडं तोंड करून. माझंच चुकलं रं. रविवारी ये गाडी घिऊन. बसू दे त्यास्नी. पर चावी तुझ्या खिशात ठिव."