साडेसहावाले भावोजी

आमच्याकडे जेवायला आले की भावोजी आधी आमटीत कागदाची पट्टी बुडवायचे. त्या पट्ट्यांची चपटी डबी कायम त्यांच्या शर्टाच्या खिशात असे. पट्टीचा रंग बदलला की तो डबीवरच्या रंगांशी ताडून बघायचे आणि मग निकाल द्यायचे, "पीएच पाच. चिंच जरा सढळ हाताने पडलीय, वहिनी." मी म्हणायची, "अहो, ते जिभेला कळतं की!" त्यावर शांतपणे उत्तर यायचं, "जिभेला मत असतं. पट्टीला नसतं." पाहुणा म्हणून हा माणूस अगदी कठीण होता.

भावोजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे, श्रीकांतचे, ऑफिसातले सीनियर. स्टुटगार्टजवळ गेर्लिंगेनमध्ये आम्ही दोन्ही कुटुंबं एकाच रस्त्यावर राहत होतो. कारखान्यात तयार झालेल्या यंत्रांच्या भागांत खोट शोधायची, हे भावोजींचं काम. पण माणसांत ते कधी खोट काढत नसत. "माणूस चुकत नाही, पद्धत चुकते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा माझा शिरा करपला तेव्हा त्यांनी शेगडीची चौकशी केली, कढईचं बूड बोटाने तपासलं आणि मला निर्दोष सोडून दिलं. श्रीकांतने त्यांच्याकडून एवढं तरी शिकायला हवं होतं.

त्यांची बायको रोहिणीताई. मूलबाळ नव्हतं, पण त्यांचं घर कधी रिकामं दिसलं नाही. नवीन आलेली मराठी पोरं पहिले कित्येक रविवार त्यांच्याकडेच जेवायची. मला लेकुरवाळीला तर त्यांनी अक्षरशः सांभाळलं. अशा बाईला पोटाचा कॅन्सर निघाला, आणि औषधं सुरू झाल्यावर अन्नाचा वाससुद्धा सोसेनासा झाला. कुकरची शिट्टी ऐकली तरी त्या तोंडावर पदर धरायच्या. डॉक्टरांनी भावोजींना स्पष्ट सांगितलं होतं की यातून बरं होणं नाही, आणि वजन असंच उतरत राहिलं तर औषधंही थांबवावी लागतील. रोहिणीताईंनी चार घास खावेत, एवढ्यावर सगळं येऊन ठेपलं होतं.

इस्पितळात रोहिणीताईंच्याच वॉर्डातल्या एका जर्मन बाईच्या नवऱ्याने भावोजींना टिश्यूपेपरात गुंडाळून काही बिया दिल्या. त्याच्या बायकोची मळमळ त्या झाडानेच थांबली होती. भावोजी संध्याकाळी आमच्याकडे आले, कोट न काढताच बसले आणि म्हणाले, "मी घरात गांजा लावतोय. कायद्याने गुन्हा आहे. कळलं तर नोकरी जाईल, इथून गाशा गुंडाळावा लागेल. तुम्ही येणं बंद केलंत तरी मला राग येणार नाही." आयुष्यात सुपारीचं खांडही न चघळलेला हा माणूस! श्रीकांत दाराकडे बघायला लागला. मी विचारलं, "कुंडी केवढी लागेल?"

रोप वाढलं ते झोपायच्या खोलीत, दक्षिणेच्या खिडकीत, जाळीच्या पडद्याआड. भावोजी कधीही त्याचं नाव घेत नसत, 'रोप' म्हणत. आमच्याकडचं नळाचं पाणी इतकं जड की किटलीत पांढरी खरपुडी धरायची. ते पाणी घातलं तर माती आम्लपणा सोडते, मग खत असूनही मुळांना घेता येत नाही आणि पानं पिवळी पडतात, असं त्यांनी मला समजावलं. म्हणून बाल्कनीत बादल्या लावून पावसाचं पाणी धरायचं, त्यात थोडं नळाचं मिसळायचं, लिंबू थेंबाथेंबाने पिळायचं आणि पट्टीवर साडेसहा आलं की थांबायचं. कुंडीखालच्या बशीत उतरलेलं पाणीही तपासायचं. साडेसहा हा आकडा त्यांच्या तोंडी इतका बसला की आमची मुलं त्यांना साडेसहाकाका म्हणायला लागली. पाणी किती घालायचं याचाही नियम होता. मातीत दोन पेरं बोट घालायचं, कोरडं लागलं तरच पाणी. "त्याला तहान तर लागू दे," म्हणायचे.

आणि तरी रोपाने मान टाकली. खालची पानं पिवळी पडली, शेंडा लोंबायला लागला. भावोजींनी माती तपासली, खत बंद केलं, खिडकीची फट बुजवली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वाट बघायची, हा त्यांचा खाक्या. मला मनातून त्यांची चीड यायची. तिकडे बाई वाळत चालली होती आणि हा माणूस वाट बघत होता.

ते ऑफिसला गेले की मी रोहिणीताईंपाशी जाऊन बसत असे. एकदा मी जरा लवकर गेले. रोहिणीताई नुकत्याच अंघोळ करून आल्या होत्या. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, एक हात भिंतीवर, दुसऱ्या हातात नळाच्या पाण्याने भरलेला तांब्या. एका एका पावलाला थांबत त्या खिडकीपाशी गेल्या आणि सगळा तांब्या कुंडीत रिता केला.

"रोज घालता?" मी विचारलं.

"रोज. अंघोळ झाली की." पलंगावर टेकून त्यांनी दम घेतला. "पूर्वी तुळशीला घालायचे. ती इथल्या थंडीत टिकेना, म्हणून सोडलं. आता हे आलंय. अगं, माझी सगळी कामं दुसऱ्यांच्या हातात गेली. हे एकच राहिलंय. ह्यांना सांगू नकोस, उगीच उठू देणार नाहीत."

मी सांगितलं. न सांगून कसं चाललं असतं? त्या शनिवारी जिना झाडायची पाळी, म्हणजे केरवोखे, भावोजींची होती. पायऱ्यांवरच त्यांना गाठून सगळं बोलून टाकलं. त्यांचा झाडू थांबला.

"तिला काही बोललात?"

"नाही."

"मग बोलू नका."

"अहो, पण रोप कुजेल! त्यांच्याच औषधाचं रोप ना ते?"

"गेनाऊ, अगदी बरोबर, तिच्याचसाठी आहे," ते म्हणाले. "म्हणून तर तिला थांबवायचं नाही. पद्धत बदलू."

आणि त्यांनी बदलली. प्लास्टिकची कुंडी जाऊन मातीची आली. तळाला खडी, मातीत निम्मी जाड वाळू, बुडाला आणखी भोकं, म्हणजे रोजचा तांब्या रोज निथळून जावा. पण रोज नळाचं पाणी गेलं तर सगळं साडेसात-आठवर जाणार. म्हणून सकाळी निघण्याआधी ते लिंबू पिळून साडेसहाला आणलेलं पाणी तांब्यात भरून न्हाणीघराच्या दाराशी ठेवू लागले. रोहिणीताईंना सांगितलं, "नळाला गढूळ येतंय, अंघोळीनंतर कशाला पाणी लागलं तर हे घे." तांब्याही थोडा लहान आणला. त्या रोज तोच तांब्या घेऊ लागल्या.

मग शेंड्याला खरंच नवी पानं फुटली. भावोजींनी मला ती दाखवली तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता, इतकी त्यात आशा होती. पण मुळं आधीच गेली असावीत. ऑगस्टच्या शेवटी, कळ्या धरायच्या सुमाराला, खोड बुडाशी काळं पडलं आणि बोट लावताच लवलं. रोहिणीताईंनी विचारलं, "मी पाणी जास्त घातलं का हो?"

"नाही," भावोजी म्हणाले. "ऊन कमी पडलं. इथलं ऊन हे असं."

दुसऱ्यांदा लावायला वेळच उरला नव्हता. डॉक्टरांनी औषधं थांबवली. काळं खोड कापून टाकल्यावरही कुंडी खिडकीतच राहिली, कारण रोहिणीताई रोज तिथे जात होत्या. आणि भावोजी रोज सकाळी लिंबू पिळून, पट्टी बुडवून तांब्या भरत होते. मी एकदा न राहवून म्हटलं, "आता कशासाठी?" ते तांब्या न्हाणीघराच्या दाराशी ठेवून आले. इतका हरलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

रोहिणीताई गेल्या त्याच आठवड्यातली, त्या जाण्याआधीची गोष्ट. भावोजी सुट्टी घेऊन घरीच होते. दुपारी त्यांचा फोन आला, "वहिनी, जरा येता?" गेले तर ते खिडकीपाशी तांब्या धरून उभे. हलक्या आवाजात म्हणाले, "आज तिला उठवत नाहीये, मला घालायला सांगितलं. मला जमत नाहीये." मी त्यांच्या हातातून तांब्या घेतला आणि त्या रिकाम्या कुंडीत पाणी घातलं. ते तिथेच जमिनीवर बसले आणि हमसून हमसून रडायला लागले.

पलंगावरून रोहिणीताईंचा आवाज आला, खोल गेलेला, पण रविवारी पोरांना दटावतानाचा तोच. "अहो, रडताय काय? सकाळपासून काही खाल्लं नाहीत. आधी जेवून घ्या. अगं, वाढ त्यांना, इथेच वाढ."

"वास सोसायचा नाही तुम्हाला," मी म्हटलं.

"सोसेन. वाढ तू."

मी भात-आमटीचं ताट आणलं. भावोजी त्यांच्यासमोर खुर्चीवर बसून ते जेवले. डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं, हातही थांबला नाही. रोहिणीताई पदर नाकाशी धरून ताट रिकामं होईपर्यंत बघत होत्या, आणि त्यांनी मला आणखी भात वाढायला सांगितलं.