बेबीताईचे तीन तास

परळच्या त्या चाळीत बेबीताईला ओळखत नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. शिवणाचं मशीन आणि जीभ, दोन्ही सारख्याच वेगाने चालतात. लेक उर्वी तेरा वर्षांची. जन्मापासून हातपाय तिचं ऐकत नाहीत, बोलणंही दोन-चार आवाजांचं. नवरा सिद्धार्थ माझगावच्या गोदीत कामाला. घर कसं चाललंय विचारा, बेबीताई म्हणणार, "चालतंय कुठे, पळतंय!"

दर शनिवारी विहाराच्या हॉलमध्ये अशा मुलांच्या आईबापांची बैठक भरते. जुई नावाची तरुण समुपदेशक येते. तिचा नियम एकच: पहिल्या फेरीत फक्त स्वतःबद्दल बोलायचं. आता हे वाटतं तितकं सोपं नाही बरं का! "कशा आहात?" विचारलं की तोंडातून निघतंच, "मजेत, परवापासून त्याला फिट नाही आली." म्हणून बेबीताईनेच शिक्षा ठरवली. मुलाचा विषय काढेल त्याने सगळ्यांचे चहाचे कप विसळायचे. आणि दर शनिवारी कप कोण विसळतं? बेबीताईच!

रविवारी तीन तास एकमेकांची मुलं सांभाळायची, ही टूमही तिचीच. बैठकीतल्याच, फणसवाडीच्या मनमोहन विजयकरांच्या मुलाला, विहंगला, तिने चारदा सांभाळलं. स्वतःची वेळ आली की मात्र कधी पाहुणे, कधी ब्लाउजची ऑर्डर. शेवटी एकदा बैठकीत बोलून गेली, "उर्वी माझ्याच हातनं जेवते हो. पप्पांनी भरवलं तरी थुंकते. उद्या मला काही झालं तर उपाशी राहील पोर." हसतच म्हणाली, पण हॉलमध्ये कुणी हसलं नाही.

"येत्या रविवारी मी येतो," मनमोहन म्हणाले. सगळे त्यांना नाना म्हणतात. "आणि पाहुणे आले तर त्यांनाही सांभाळतो."

आले की खरंच! सोबत विहंग, हातात डबा. बेबीताईने दोन पानं पाठपोट भरून लिहिलेल्या सूचना त्यांच्या हातात दिल्या, वर तोंडीही बजावलं, "ताठ बसवा, घास छोटा, गिळल्याशिवाय दुसरा नाही." निघाली, जिन्यातून परत आली, पुन्हा निघाली. तिसऱ्यांदा आली तेव्हा नानांनी आतून कडीच लावली.

जायचं कुठे? तेरा वर्षांत हा प्रश्नच पडला नव्हता. लालबागच्या एका पार्लरमध्ये भुवया करायला शिरली, खुर्चीत मान टेकली आणि ढाराढूर! पार्लरवालीला दया आली, तिने उठवलं नाही. जाग आली तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. उर्वीची जेवायची वेळ बाराची! एकच भुवई कोरलेली, तशीच ती पळत सुटली. पोर रडून रडून निळी पडली असेल, असंच सारखं मनात येत होतं.

दारात धापा टाकत उभी राहिली. उर्वी भिंतीला टेकून ताठ बसली होती, शेजारी विहंग तिच्या गुडघ्यावर ठेका धरत होता. ताट रिकामं.

"दोनदा थुंकली," नाना म्हणाले. "तिसऱ्यांदा विहंगने ठेका धरला, तेव्हा गिळलं. मग थांबेचना. डब्यातलं बोंबलाचं भुजणं, काटे काढून भातात कुस्करलं."

"पण मी तर वरणभात लिहिला होता ना!"

"लिहिला असेल हो. चष्मा घरीच राहिला."

बेबीताईने ताट उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं. एक शीत नाही. आधी तिला रागच आला, खरं सांगायचं तर. तेरा वर्षं मी जिवाचं रान केलं आणि ही कार्टी परक्याच्या हातचं जेवते! मग उर्वीच्या हनुवटीवरचा रस्सा दिसला आणि ती मटकन खाली बसून रडायलाच लागली.

नाना घाबरले. "काही चुकलं का हो माझं?"

तिने नाही म्हणून मान हलवली आणि फोन काढून सिद्धार्थला लावला. "अहो, उर्वी जेवली. नानांच्या हातनं. पोटभर." पलीकडे गोदीतला खणखणाट. मग सिद्धार्थ हळूच म्हणाला, "म्हणजे आपल्या मागेही जेवेल."