पाहणी आणि हळदीकुंकू

परदेशी ठरवून पकडलेल्या बायकांना परत पाठवेपर्यंत जिथे ठेवतात, अशा एका केंद्राच्या पाहणी समितीवर मी होते. केंद्र आमच्याच उपनगरात, बोरिवलीच्या माझ्या घरापासून रिक्षाने जाता येईल इतक्या अंतरावर. आत काय चाललंय ते बाहेरच्या कुणीतरी बघावं, म्हणून ही समिती. आम्ही तिघी निवृत्त बायका, आपापल्या सोसायटीत मान असलेल्या. पाहणीचा दिवस केंद्राला आधी कळवायची पद्धत होती. ज्याची तपासणी करायची त्यालाच विचारून जायचं, यात माझ्याशिवाय कुणाला काही खटकत नव्हतं.

पहिल्या वर्षी अध्यक्षबाईंच्या मनात आलं, संक्रांत झालीच आहे तर पाहणी आणि हळदीकुंकू एकदमच उरकू. "तेवढंच त्यांनाही बरं वाटेल गं," त्या म्हणाल्या. वाण म्हणून प्लास्टिकच्या साबणदाण्या घेतल्या. आम्ही पोचलो तेव्हा फरशी अजून ओली होती, फिनेलचा वास नाकात जात होता आणि खाटांवर कोऱ्या चादरी होत्या. संडासाच्या दाराला मात्र आतून कडी नव्हती. मी ते दाखवलं, तर तिथले साहेब म्हणाले, "करून घेतो."

बायका भिंतीला टेकून ओळीने बसल्या होत्या. त्यातली एक चक्क मराठीत बोलली. तिने मालाडला कितीतरी वर्षं घरकाम केलं होतं. ती स्वतःला बंगालची म्हणत होती, सरकार तिला बांगलादेशची म्हणत होतं आणि तो देश तिला घ्यायला तयार नव्हता. म्हणून ती तिथेच होती, आणि किती दिवस राहायचं ते कुणालाच माहीत नव्हतं.

"बाई, मला फिट येते," ती म्हणाली. "रोजची गोळी आहे. इकडे एक दिवस देतात, मग चार दिवस नाय. तेवढं सांगा ना साहेबांना."

अध्यक्षबाईंच्या हातात कुंकवाचा करंडा होता. "सांगू हं. आज मात्र गोड बोलायचं," असं म्हणून त्यांनी तिच्या कपाळाला बोट लावलं. तिला कुंकू चालतं का, हे कुणी विचारलं नाही. मग तिला साबणदाणी मिळाली. साबण नव्हता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

अहवालात मी गोळीचं स्पष्ट लिहिलं. अध्यक्षबाईंनी त्याचं "आरोग्यसेवेत सुधारणेला वाव आहे" असं करून टाकलं. मी भांडले. "अगं, त्यांच्याशी वाकडं घेतलं तर उद्या आपल्याला आत तरी सोडतील का?" त्या म्हणाल्या. आत जाऊन आपण करतो काय, असं मी विचारल्यावर त्यांना माझा स्वभावच तापट वाटला. मग तिच्या गोळीचं विचारायला मी एकटीच फाटकावर जाऊन आले. केंद्राचे डॉक्टर बघतील, असं सांगून शिपायाने मला परत पाठवलं. डॉक्टर कधी येतात? "येतात ना, येतात."

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा गेलो. वाण आणायला नको, असा साहेबांचा आधीच निरोप होता. गेल्या वर्षीच्या साबणदाण्या आम्ही निघाल्यावर त्याच संध्याकाळी काढून घेतल्या होत्या. बायकांजवळ असल्या वस्तू ठेवायची परवानगी नव्हती म्हणे. आता त्याच पुसून, पुन्हा वाटायला तबकात रचून ठेवल्या होत्या.

ती तिथेच होती. पुढचे दोन दात नव्हते आणि भुवईपासून केसांपर्यंत टाक्यांचा व्रण होता. संडासात फिट आली होती. कडी नव्हती म्हणून लवकर सापडली, हे साहेब आम्हाला उपकार केल्यासारखे सांगत होते. अध्यक्षबाई करंडा घेऊन पुढे झाल्या, तशी तिने न सांगताच केस मागे सारून कपाळ पुढे केलं. त्यांनी व्रण चुकवून जरा बाजूला बोट टेकवलं. काही तक्रार आहे का, असं त्यांनी विचारलं. तिने मान हलवून नाही म्हटलं.

मी तिच्याजवळ वाकले. "गोळी मिळते का गं?"

"आज मिळाली, बाई," ती म्हणाली. "हळदीकुंकू आहे ना."