डिस्कचं शेपूट

पेरुंगुडीतल्या आमच्या इमारतीत घरी सर्व्हर बाळगणारं कुटुंब एकच, विद्यालक्ष्मींचं. तो त्यांच्या देवघराखालच्या कपाटात असतो. वर समई तेवते, खाली हिरवा दिवा लुकलुकतो, आणि विद्यालक्ष्मींना त्यात काही विचित्र वाटत नाही.

त्या तंजावरच्या मराठी घरातल्या. आवडी या उपनगरातल्या एका शाळेत वर्षानुवर्षं भौतिकशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतर नवऱ्याबरोबर, म्हणजे वेंकटरावांबरोबर, इकडे राहायला आल्या. लेक नित्या बंगळुरूला असते. तिला घरची मराठी कळते, पण उत्तर मात्र तमिळमध्ये येतं. एकदा असंच बोलणं झाल्यावर विद्यालक्ष्मींनी फोन ठेवला आणि ठरवलं, की आपल्या लोकांची बोली जिथून मिळेल तिथून गोळा करायची. तेव्हापासून नातेवाईक त्यांना फोनवर लग्नातली गाणी ऐकवतात, सांबाराच्या कृती सांगतात, जुनी भांडणं नव्यानं भांडतात. ते सगळं रेकॉर्ड होऊन सर्व्हरवर जातं आणि गावोगावचे भाचे-पुतणे ते ऐकतात. सर्व्हरमध्ये दोन सारख्या डिस्क आहेत. दोन्हींवर तेच, म्हणजे एक गेली तरी दुसरी शाबूत.

या सगळ्यात तंजावरच्या त्रिपुरसुंदरी मामींचा वाटा सर्वांत मोठा. वय नव्वदीच्या आसपास, आवाज खणखणीत. दुपारी जेवण झालं, की त्यांचा फोन यायचाच.

जुना सर्व्हर दमला होता. मामींची गोष्ट रंगात आली, की नेमका अडकायचा. तिसऱ्या मजल्यावर गंधार राहतो. सांगलीचा, सिरुसेरीच्या आयटी पार्कात नोकरी करतो. तो आपला जुना डेस्कटॉप काढून टाकणार होता.

"काकू, भंगारात देण्यापेक्षा तुम्ही घ्या. मेमरी भरपूर आहे," तो म्हणाला.

शनिवारी सकाळी दोघांनी मिळून जुन्या सर्व्हरच्या दोन्ही डिस्क त्या डेस्कटॉपच्या पेटीत बसवल्या. सर्व्हर झटक्यात सुरू झाला, पण त्यानं एकच डिस्क घेतली. दुसरीबद्दल त्याचं म्हणणं होतं, की ही लहान आहे, चालणार नाही.

"लहान?" वेंकटराव पेपर खाली ठेवत म्हणाले. "काल तर तीच चालत होती."

"गेली असेल," गंधार म्हणाला. "जुनी होती ना."

सोमवारी विद्यालक्ष्मी रिची स्ट्रीटच्या कॉम्प्युटर बाजारात गेल्या. तिथे राममूर्तींचं दुकान आहे. शाळेच्या प्रयोगशाळेपासूनची ओळख. तेवढ्याच क्षमतेची कोरी डिस्क घेऊन आल्या आणि जुनीच्या जागी लावली. सर्व्हरनं तिलाही लहान ठरवलं.

तेवढ्यात मामींचा फोन आला.

"काय करूलालीस गं?" 'काय करते आहेस'चं हे त्यांचं तंजावरी रूप. "ऐक, लग्नाआधी मला पाहायला मायावरमचे लोक आले होते, ते आज सांगते. मी काय केलं, मागच्या दारानं निघाले ते थेट कावेरीच्या घाटावर. तिथे बघते तर... मशीन चालू आहे ना?"

"चालू आहे मामी, पण एकाच डिस्कवर. दुसरी घेत नाहीये."

"अय्यो! एकीवर काय भरवसा? दुसरी लाव, मग सांगते." आणि फोन बंद.

आता विद्यालक्ष्मींना चैन पडेना. घाटावर काय होतं? संध्याकाळी गंधार ऑफिसातून आला, तो त्यांच्याच दारात थांबला.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "जुनी डिस्क आणि कोरी डिस्क, दोन्ही एकाच रीतीनं कशा बिघडतील? दोन वेगळ्या गोष्टींत तीच चूक दिसली, तर आधी उपकरण तपासायचं. दोष डिस्कमध्ये नाही, पेटीत आहे."

दोघांनी डिस्कचं माप अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत काढलं. कोऱ्या डिस्कचं शेवटचं टोक जरासं कमी भरत होतं. किंचितच, पण सर्व्हरला दोन्ही डिस्क बरोबरीच्याच हव्या होत्या. मग गंधारनं इंटरनेटवर शोधाशोध केली आणि वाचता वाचता त्याचा चेहरा पडला.

"काकू, काही जुने मदरबोर्ड स्वतःच्या सुरुवातीच्या प्रोग्रामची एक प्रत पहिल्या डिस्कच्या शेपटाशी लपवून ठेवतात. तेवढा भाग झाकून टाकतात, म्हणून डिस्क आखूड दिसते. म्हणजे माझ्याच डेस्कटॉपनं..."

"अरे, मग डिस्क मेलेली नाही!" विद्यालक्ष्मींना इतका आनंद झाला, की त्याची शरम विरूनच गेली.

डिस्कला तिचं खरं माप विचारायची एक कमांड होती आणि झाकलेलं उघड करायची दुसरी. गंधारचं बोट एंटरवर अडलं.

"चुकलं तर?"

"चांगली डिस्क काढून बाजूला ठेव. मग चुकलं तरी कोरीच जाईल."

त्यांनी तसं केलं, कमांड दिली, वीज पूर्ण बंद करून पुन्हा लावली. डिस्क पुन्हा आखूडच! बोर्डानं सुरू होता होता तिचं शेपूट परत छाटलं होतं. ही खोड बंद करायला बोर्डाच्या सेटिंगमध्ये काही सापडेना.

"इतकी हौस आहे, तर त्याला छाटायला दुसरं काहीतरी द्या की," वेंकटराव चेष्टेनं म्हणाले.

गंधार हसला. विद्यालक्ष्मी मात्र उठून आत गेल्या आणि एक जुनाट, चिमुकल्या क्षमतेची डिस्क घेऊन आल्या.

"बोर्ड पहिल्या डिस्कलाच हात लावतो ना? मग पहिल्या जागी ही."

खऱ्या डिस्क पुढच्या जागांवर गेल्या. कोऱ्या डिस्कचं झाकलेलं शेपूट पुन्हा उघडलं, वीज घालवली, लावली. या वेळी माप पूर्ण भरलं. बोर्डानं जुनाट डिस्कवर आपली हौस भागवली होती. सर्व्हरनं दुसरी डिस्क मुकाट्यानं घेतली आणि एकीवरचं सगळं तिच्यावर उतरवायला लागला. गंधारनं टाळी दिली. वेंकटरावांनी ही सगळी आपलीच कल्पना, असं जाहीर केलं, आणि ते खोटंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मामींना आधी अहवाल द्यावा लागला. दोन्ही डिस्क चालतात, अशी खात्री पटल्यावर त्या बोलल्या.

"तर घाटावर एक मुलगा पायरीवर बसला होता, पायात नवे जोडे, ते चावत होते त्याला. मी विचारलं, कुठला तू? म्हणाला, मायावरमचा. मुलगी पाहायला आलो, भीती वाटली, म्हणून पळालो."

विद्यालक्ष्मी इतक्या हसल्या, की रेकॉर्डिंगमध्ये पुढचं थोडा वेळ काही ऐकूच येत नाही. त्या मुलाशीच मामींचं लग्न झालं, आणि ते जोडे त्यानं परत कधी घातले नाहीत.

पहिली 'मेलेली' डिस्कही त्याच उपायानं ठणठणीत निघाली. ती आता अडीअडचणीसाठी राखून ठेवली आहे. हे प्रकरण इमारतीत पसरलं तशी तळमजल्यावरची श्रीरंजनी आपल्या नाचाच्या कार्यक्रमांची डिस्क घेऊन वर आली. तिच्या कॉम्प्युटरला ती दिसतच नव्हती. विद्यालक्ष्मींनी चष्मा लावला, डिस्क उलटसुलट पाहिली आणि वेंकटरावांना टॉर्च धरायला सांगितला. दोष साध्या केबलचा निघाला. श्रीरंजनी जायला उठली, तर विद्यालक्ष्मींनी तिला बसवून घेतलं.

"आलीसच आहेस, तर तुझी आजी कुठं राहते ते सांग. गाणी येतात का तिला?"