जावेच्या ताब्यातला रिफंड

प्राप्तिकर खात्याने माझा रिफंड कधीच नाकारला नाही. नाकारला तो आटपाडीच्या माझ्या धाकट्या जावेने.

झालं असं, बाळांनो. बँकेने माझ्या ठेवींच्या व्याजातून कर कापला. माझं उत्पन्न कर बसण्याइतकं नाही (हे तुमचे आजोबा चारचौघांत फार आवडीने सांगतात), तेव्हा तो परत मागणं हा माझा हक्कच. आमच्या विश्रामबागेतले लोक अशा कामाला करसल्लागाराकडे जातात. मी कशाला जाऊ? इंग्रजी माध्यमातून शिकलेली बाई! मी स्वतः ऑनलाइन विवरणपत्र भरलं, फाईलवर 'काम पूर्ण' अशी चिठ्ठी डकवली आणि पुढचा महिनाभर शेजारणींना फुकट सल्ले दिले.

मग एका दुपारी खात्याची ईमेल आली. विवरणपत्र भरलं आहे, पण ओटीपी टाकून पक्कं केलेलं नाही. मुदत आज संपते. नाही केलं तर सगळं बाद आणि कापलेले पैसे सरकारला मुबारक!

मी घाईघाईने बटण दाबलं. ओटीपी गेला म्हणे. माझ्या फोनवर मात्र शुकशुकाट. नीट वाचलं तेव्हा कळलं, तो आधारला जोडलेल्या नंबरवर गेला होता. म्हणजे माझ्या जुन्या नंबरवर. आणि जुना फोन मी आटपाडीच्या सुमनला देऊन टाकलेला, सिमकार्डासकट! (आपल्या घरात पाळणा, पैठणी, प्रेशर कुकर सगळं असंच थोरलीकडून धाकटीकडे जातं. सिम काढून घेणं मला कद्रूपणाचं वाटलं.)

लावला फोन.

"सुमन, तुझ्या फोनवर आत्ता सहा आकडी नंबर आलाय. सांग पटकन."

"कोन बोलतंय?"

"अगं, मी! आक्का!"

"व्हय का? समदी चोरं असंच म्हणत्यात."

हे तिला कुणी शिकवलं? मीच! संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आटपाडीत बायका जमवून मी भामट्यांवर भाषण ठोकलं होतं. "अगदी माझा आवाज आला तरी ओटीपी सांगायचा नाही!" टाळ्याही पडल्या होत्या.

"बरं, व्हिडिओ कॉल करते. तोंड बघ माझं."

"तोंडबी बनवत्यात आता. आक्कांनीच सांगितलंय."

"अगं, मीच ती आक्का!"

"आमच्या आक्का लय हुशार हायत. त्या असं ओटीपी मागत फिरायच्या न्हाईत."

(इतक्या वर्षांत तिने केलेलं पहिलं कौतुक, आणि तेही अशा वेळी!)

आजोबांमधला निवृत्त फौजी जागा झाला; त्यांनी फोन हिसकावला. "सुमन! मी सुभेदार बोलतोय. नंबर दे. हुकूम आहे!"

"अगं बया! भावजींचाबी आवाज काढलाय मेल्यांनी! ऐका गं बायांनो!"

म्हणजे फोन स्पीकरवर होता. आणि समोर अख्खा बचतगट पापड लाटत बसलेला. एवढ्यात ओटीपीची वेळ संपली. मी दुसरा मागवला.

"आक्काच असशील तर सांग," सुमन म्हणाली (चोराला कोण अहोजाहो करतं?), "लगीन होऊन पयल्यांदा गोठ्यात गेलीस, तवा म्हशीला काय म्हणलीस?"

आजोबा कान टवकारून उभे.

"एक्स्क्यूज मी," मी पुटपुटले.

आटपाडीत हास्यकल्लोळ. "का गं?"

"वाटेत उभी होती ना!"

"आता दुसरा सवाल. पुरनपोळी कुनाची चांगली? आक्कांची का सुमनची?"

"हा काय पुरावा झाला?"

"ऱ्हाऊ दे मग."

मी डोळे मिटले. "सुमनची."

"मोठ्यानं!"

"सुमनची! माझं पुरण कडेपर्यंत पोचत नाही! सांग आता!"

"बघा गं! आक्का न्हाईच ही! आमच्या आक्का मेल्या तरी हे कबूल करायच्या न्हाईत!"

इथे माझा तोल सुटला. "सुमे! आधी तो फोन स्पीकरवरून काढ! पापडाच्या पिठाच्या हाताने धरला असशील, हात पूस! आणि मी दिलेलं कव्हर कुठाय? काढून ठेवलंस ना?"

पलीकडे लाटणी थांबली.

"आक्काच हायत गं," कुणीतरी हळूच म्हणालं. "दे नंबर."

मिळाला! विवरणपत्र पक्कं झालं, यथावकाश रिफंडही जमा झाला. मी फाईलवर दुसरी चिठ्ठी डकवली: 'काम खरोखर पूर्ण'.

गेल्या आठवड्यात तुमच्या आईने कुठूनसं फिरत आलेलं एक रेकॉर्डिंग मला पाठवलं: 'सावधान! आटपाडीत पकडलेली भामटी कशी गयावया करते, ऐका. मराठी शुद्ध आहे, फसू नका!' (तिने स्वतः ते ऐकलं नसणार. शेवटी मुलगी कुणाची!) मी कर्तव्य म्हणून ते ताबडतोब विश्रामबागेतल्या माझ्या सगळ्या ग्रुपांवर पुढे पाठवलं.

ऐकलं नंतर.