दोनचं बटण

त्या दिवशी दादाने एका फोनचं झाकण काढलं आणि दुसऱ्या फोनला बसवलं. ते बसलं. मग त्याने शटर खाली ओढलं आणि आम्ही घरी आलो.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. सांगलीत स्टँडच्या मागच्या रस्त्यावर त्याचं मोबाइलचं दुकान होतं. मी साताऱ्याला कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली आणि तिथेच राहिले. सुट्टीत सांगलीला गेले की त्याच्या दुकानातल्या स्टुलावर पुस्तक घेऊन बसायचे. धंद्यातलं मला काही कळत नव्हतं, पण त्याची रीत पाठ झाली होती. बटणांचा फोन विकला की पिशवीत घालण्याआधी तो त्यात स्वतःचा नंबर भरायचा आणि दोनच्या बटणावर लावून द्यायचा. "वाचता येत नसलं तरी चालेल. काही झालं तर दोन दाबून धरायचं. मी उचलतो." गॅरंटीचं कार्डही तो देत असे, पण लोक ते घरी जाईपर्यंत हरवत. दोनचं बटण कुणी हरवलं नाही.

तो एकाच कंपनीचे फोन विकायचा. एके काळी आमच्या भागात फोन म्हटलं की तेच नाव घेत. मग काचेचे फोन आले, दर महिन्याला नवं नाव आलं, आणि कंपनी मागे पडली. पुढे तिची माणसं दुकानात यायची बंद झाली. कुणी काही कळवलं नाही. दादाने दुकानावरची तिच्या नावाची पाटी उतरवली, गोणपाटात गुंडाळली आणि घरी माळ्यावर ठेवली. मी भंगारात दे म्हटलं, तर म्हणाला, "असू दे." मग तो कव्हरं, चार्जर आणि मिळतील ते फोन विकू लागला. फक्त एका कंपनीचा बटणांचा फोन त्याने दुकानात कधी ठेवला नाही. तो लवकर बिघडायचा. त्यांचा विक्रेता आला की दादा म्हणायचा, "चहा घे. फोन नको."

आणि एक दिवस जुनी कंपनी परत आली.

पुण्याहून दोन तरुण आले. त्यांच्या शर्टावर तेच नाव होतं. बाजारात दाटी फार आहे, ते म्हणाले, पण खेड्यात अजून आपलंच नाव चालतं. तोच फोन आपण पुन्हा आणतोय. एका हॉटेलात मेळावा झाला. दादाला स्टेजवर बोलावून शाल-श्रीफळ दिलं आणि आमचे जुने सोबती म्हणून त्याची ओळख करून दिली. शाल पांघरून, हात जोडून त्याचा फोटो काढला. स्वतःच्या लग्नातसुद्धा फोटोला कपाळाला आठ्या घालून उभा राहिलेला हा माणूस त्या दिवशी हसला.

घरी येऊन त्याने माळ्यावरची पाटी काढली आणि मोरीत बसून घासली. वहिनी म्हणाली, "माझं एक पातेलं कधी एवढं घासलं नाहीत तुम्ही."

कडेगाव, शिराळा, कुठून कुठून लोक आले. उसाला पाण्याची पाळी असते, फोन चिखलात पडतो, चार्जिंग टिकावं लागतं. काचेच्या फोनचं तिथे काम नाही. दादा सांगायचा, "आपलाच आहे. घ्या." आणि दोनचं बटण लावून द्यायचा.

काही आठवड्यांनी मी दुकानात असताना त्याचा फोन वाजला. त्याने स्पीकर लावला.

"अण्णा? हॅलो? अण्णा, हायसा का?" गिऱ्हाइकं त्याला अण्णा म्हणत.

"आहे, आहे! बोला!"

"हॅलो? काय की बा, ऐकूच येत न्हाई." मग बाजूच्या कुणाला तरी, "उचलतच न्हाईत गं."

संध्याकाळी दुसऱ्या गावातून तसाच फोन आला. दुसऱ्या दिवशी आणखी. नव्या फोनचा आवाज जात होता. बोललेलं इकडे येई, इकडचं तिकडे कुणाला ऐकू येत नसे. दादा प्रत्येक वेळी उचलत होता, आणि त्या माणसांच्या लेखी तो उचलत नव्हता.

त्याने कंपनीला फोन लावला. तिकडे रेकॉर्ड केलेली बाई बोलायची आणि मग गाणं लागायचं. त्या तरुणांपैकी एक दुसऱ्या कंपनीत गेला होता. दुसरा म्हणाला, "काका, वर कळवलंय." पुढे त्यानेही उचलणं सोडलं.

मग कडेगावचे एक निवृत्त फौजी आले. त्यांनी काउंटरवर दोन फोन ठेवले. एक दादाने विकलेला. दुसरा त्या कंपनीचा, जिच्या माणसाला दादा चहा पाजून परत पाठवायचा.

"अण्णा, ह्यो तुमचा. ह्यो माज्या मेव्हण्याचा. झाकणं बदलून बगा."

दादाने बदलली. दोन्ही बसली.

"इतकी वर्सं सांगत हुता, ह्यो घिऊ नका म्हणून. त्योच आमच्या गळ्यात मारला की. झूल बदलली म्हणून बैल बदलतोय व्हय?"

ते गेल्यावर दादाने शटर खाली ओढलं. नंतर त्याने शोधलं तेव्हा कळलं की जुनी कंपनी केव्हाच उरली नव्हती. तिचं नाव कुणीतरी भाड्याने घेतलं होतं, आणि त्या लवकर बिघडणाऱ्या फोनच्याच कारखान्यातून फोन आणून त्यावर ते छापलं होतं. दादाला शाल पांघरवणाऱ्यांना हे ठाऊक असणार. मी अजून तिथेच अडते.

पुढचे महिने तो स्कूटरवरून गावोगाव फिरला. फोन परत घेतले, बदली दुसरे दिले. कुणी समजून घेतलं, कुणी तोंडावर म्हणालं, "कमिशन खाल्लं असंल." एकदा जेवताना मला म्हणाला, "कंपनी गेली होती तेव्हा बरं होतं गं. नुसती गेली होती."

थंडीत तो गेला. डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं, आणि ते खरं असेल. फौजी भेटायला आले तर आत येईनात. दारातूनच म्हणाले, "आवं बाई, लय बोललो मी त्यास्नी. फोन बदलून द्यायला घरापतूर आलं हुतं. च्यासुदीक घेतला न्हाई."

उन्हाळ्यात मी कामासाठी कोरेगावला गेले होते. बाजारातल्या एका दुकानाच्या काचेवर दादा होता. शाल पांघरलेला, हात जोडलेले, हसणारा. खाली छापलं होतं, 'यांचा विश्वास, आपला फोन.'

मी आत गेले. दुकानदाराला म्हटलं, "हे माझे भाऊ. ते वारले. हे काढा."

तो गोंधळला. "मला वाटलं, जाहिरातीतला माणूस आसंल. बाई, पोस्टर कंपनीचं हाय. मी कसं काढू?"

काउंटरपाशी एक म्हातारे गृहस्थ तोच फोन हातात घेऊन उभे होते. मी त्यांना म्हटलं, "बाबा, हा घेऊ नका." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग काचेकडे बोट केलं.

"ह्ये काका म्हणत्यात घ्या, तुमी म्हणताय नगं. तुमी कोन?"

मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि फोन विकत घेतला. पोस्टरबद्दल मी कंपनीला दोनदा लिहिलं. उत्तर आलं नाही.

सांगलीचं दुकान आता चपलांचं आहे. पाटी वहिनीने भंगारात दिली. दादाचा फोन साताऱ्यात माझ्या टेबलावर असतो आणि मी त्याचा रिचार्ज करते. अजून कुणीतरी दोनचं बटण दाबून धरतं. मी उचलते आणि सांगते, अण्णा गेले, मी त्यांची बहीण. ज्यांना ऐकू येतं ते थोडं बोलून ठेवतात. बाकीचे, अण्णा, अण्णा, म्हणत राहतात.